अम्मीची अंगठी निघेना, तेव्हाच कळायला हवं होतं...

तुमच्या आईचा हात तुम्ही शेवटचा नीट कधी पाहिलात? डबा पुढे करणारा किंवा रात्री एक वाजता मोबाइल काढून घेणारा हात सगळ्यांना ओळखीचा असतो. पण बोटं, नखं, तळवे असं जवळ बसून निरखून? मीही कधी पाहिला नव्हता. माझ्या एका मैत्रिणीच्या घरी घडलेली गोष्ट ऐकली, आणि त्या रात्री घरी जाऊन पहिल्यांदा आईचे हात हातात घेतले. आईने विचारलं, ‘‘पैसे हवेत का?’’

ही मैत्रीण मीरा रोडला, नया नगरात राहते. कॉलेजची तीन वर्षं आम्ही एका बाकावर काढली. तिची अम्मी घरी शिलाईकाम करते. तिने आणि अम्मीने मला सगळं मोकळेपणाने सांगितलं, अट एकच घातली, की नावं छापायची नाहीत.

सुरुवात झाली तेव्हा मैत्रीण दहावीत होती. डिसेंबरातल्या पहाटे नळाच्या गार पाण्याने वजू करून अम्मी उठायची, तेव्हा तिच्या दोन-तीन बोटांची टोकं पांढरीफटक पडायची. थोड्या वेळाने निळसर व्हायची, मग लाल होऊन ठणकायची. ‘‘कुछ नहीं, ठंडे पानी से होता है,’’ अम्मी म्हणायची. विषय तिथेच संपायचा.

पुढे छातीत जळजळ सुरू झाली. सहरी करून जरा आडवं झालं, की आंबट पाणी घशाशी यायचं. घरच्यांनी ते रोज्यांवर ढकललं. रमजान संपला, जळजळ संपली नाही. मग ॲसिडिटीच्या गोळ्यांची स्ट्रिप घरात कायमची आली. त्यानंतर बोटं सुजली आणि लग्नातली अंगठी निघेना, शेवटी सोनाराने ती कापून काढली. ‘वजन वाढलंय,’ असं सगळे म्हणाले. मग बोटांच्या टोकांवर बारीक खड्डे पडू लागले. शिलाई करणारीच्या बोटाला सुई लागणारच, म्हणून त्याकडेही कुणी पाहिलं नाही. गालांवर आणि तळव्यांवर लालसर ठिपके आले, तेव्हा कुणीतरी क्रीम सुचवलं. आणि एके दिवशी चौकात पाणीपुरी खाताना अम्मीच्या लक्षात आलं, की पुरी अख्खी तोंडात जातच नाही. तोंड तेवढं उघडत नव्हतं.

या सगळ्याला सहा वर्षं गेली. जळजळीसाठी फॅमिली डॉक्टर, बोटांसाठी हाडांचे डॉक्टर, ठिपक्यांसाठी त्वचेचे डॉक्टर, तोंड उघडत नाही म्हणून दातांचे डॉक्टर. ज्याने त्याने आपापल्या वाटणीचा तुकडा पाहिला आणि त्यावर औषध दिलं. सगळे तुकडे एका टेबलावर कुणी मांडलेच नाहीत. ते मांडले गेले एका सरकारी रुग्णालयाच्या त्वचा ओपीडीत. शिकाऊ डॉक्टरने अम्मीच्या बोटांवरची त्वचा चिमटीत धरायचा प्रयत्न केला, ती चिमटीत येईना, आणि तिने साधा प्रश्न विचारला, ‘‘गार पाण्यात बोटांचा रंग बदलतो का?’’

त्या दिवशी घरात एक नवा शब्द आला. स्क्लेरोडर्मा. आणि त्याच्या आधी लावायचं एक विशेषण, लिमिटेड.

हा आजार आहे तरी काय?

‘स्क्लेरोस’ म्हणजे कडक आणि ‘डर्मा’ म्हणजे त्वचा, हे दोन्ही शब्द ग्रीक. पण आजार फक्त त्वचेचा नाही. आपली प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते, अशा ऑटोइम्यून आजारांपैकी हा एक. यात एकमेकांत गुंतलेल्या तीन गोष्टी घडतात. प्रतिकारशक्ती चुकीच्या अँटिबॉडी तयार करते. बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावतं आणि त्या अरुंद होत जातात. आणि जखम भरून काढणाऱ्या पेशी थांबायचं नाव न घेता कोलॅजन तयार करत राहतात. जखमेवरची खपली गेल्यावर खाली घट्ट व्रण राहतो ना? तसंच काहीसं, पण जखम नसताना, त्वचेत आणि कधीकधी आतल्या अवयवांतही.

तो संसर्गाने पसरत नाही. अम्मीने मळलेल्या कणकेची पोळी खाल्ली किंवा तिच्या हातात हात दिला, म्हणून कुणाला काही होत नाही. आईकडून मुलीकडे थेट येणारा आजारही तो नाही. नेमका कशामुळे होतो, याचं एका ओळीतलं उत्तर वैद्यकशास्त्राकडे नाही, पण काही धागे सापडले आहेत. दगड फोडणं, खाणकाम अशा ठिकाणी सिलिकाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेलेल्या कामगारांमध्ये तो जास्त दिसतो. एकूण रुग्णांमध्ये मात्र बायकांचं प्रमाण पुरुषांच्या कितीतरी पट आहे, आणि बहुतेकींना तो तिशी ते पन्नाशीच्या आसपास गाठतो. म्हणजे हा लेख तुमच्या हातात असला, तरी तो तुमच्यापेक्षा तुमच्या आईविषयी, मावशीविषयी, शेजारच्या खालाविषयी जास्त आहे.

त्याचे दोन मुख्य प्रकार मानतात. ‘डिफ्यूज’ म्हणजे पसरणारा. त्यात त्वचा भराभर कडक होत दंड, मांड्या, छाती, पोटापर्यंत जाते आणि आतले अवयवही लवकर सापडतात. ‘लिमिटेड’ म्हणजे मर्यादित. यात त्वचेचा कडकपणा कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या पुढच्या भागात, म्हणजे हात, बोटं, पावलं यांत आणि चेहऱ्यावर राहतो. तो हळू चालतो. इतका हळू, की कित्येकदा पहिलं चिन्ह आणि आजाराचं नाव कळणं यांत बरीच वर्षं जातात.

पाच अक्षरं, पाच दरवाजे

लिमिटेड प्रकाराला जुनं नाव आहे क्रेस्ट. सी, आर, ई, एस, टी या पाच अक्षरांत पाच चिन्हं बसवली आहेत. परीक्षेत आपण लघुरूपं पाठ करतो तसंच, पण हे पाठ करून ठेवण्यासारखं आहे.

सी म्हणजे कॅल्सिनोसिस. बोटांच्या त्वचेखाली कॅल्शियमच्या बारीक गाठी होतात. कधी त्या फुटतात आणि खडूच्या लगद्यासारखं पांढरं काहीतरी बाहेर येतं. पू समजून लोक अँटिबायोटिक घेतात. हाताचा साधा एक्स-रे काढला तर या गाठी स्पष्ट दिसतात.

आर म्हणजे रेनॉड. थंडीने किंवा ताणाने बोटांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आखडतात आणि बोटं पांढरी, मग निळी, मग लाल होतात. लिमिटेड प्रकारात बहुतेक वेळा हेच सगळ्यात आधी येतं, बाकीच्या चिन्हांच्या कितीतरी वर्षं आधी. हे नाव मॉरिस रेनॉड या फ्रेंच डॉक्टरचं. १८६२ मध्ये पॅरिसमध्ये त्याने या विषयावर आपला प्रबंध लिहिला, तेव्हा तो तिशीतही नव्हता. सबमिशनच्या नावाने रडताना हे आठवायला हरकत नाही.

ई म्हणजे अन्ननलिका, तिच्या अमेरिकन स्पेलिंगमधलं पहिलं अक्षर. अन्ननलिकेच्या स्नायूंचा जोर कमी होतो, खालची झडप सैल पडते. मग जळजळ होते, आंबट पाणी वर येतं, कोरडा घास अडकतो.

एस म्हणजे स्क्लेरोडॅक्टिली, बोटांची त्वचा कडक, ताणलेली आणि चकचकीत होणं. सुरुवातीला बोटं नुसती फुगल्यासारखी दिसतात. पुढे ती सरळ होईनाशी होतात. नमस्कार करताना दोन्ही तळवे एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत, मध्ये फट राहते.

टी म्हणजे टेलँजिएक्टेशिया. नाव जिभेला वळण देणारं, पण गोष्ट साधी. बारीक रक्तवाहिन्या रुंदावून चेहऱ्यावर, ओठांवर, तळव्यांवर लालसर ठिपके उठतात. बोटाने दाबलं की नाहीसे होतात, सोडलं की परत दिसतात.

प्रत्येकाला ही पाचही होतीलच असं नाही, आणि पाच पूर्ण व्हायची वाट पाहायची नसते. गोम अशी, की प्रत्येक अक्षर पेशंटला वेगळ्या दवाखान्याच्या दारात नेऊन उभं करतं. पाचही अक्षरं एकत्र वाचणारा डॉक्टर म्हणजे रुमॅटॉलॉजिस्ट, मराठीत संधिवाततज्ज्ञ. पण ‘संधिवात’ म्हटलं की आपल्याला आजीचे गुडघे आठवतात. बोटं पांढरी पडतात म्हणून संधिवाताच्या डॉक्टरकडे जायचं असतं, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

आपल्याकडे ते दिसत का नाही?

पहिलं कारण हवा. इंटरनेटवर रेनॉडची माहिती वाचाल, तर बर्फ, हातमोजे, लोकरी टोप्या दिसतील. मुंबई आणि मीरा-भाईंदरची थंडी ती किती! पण रेनॉडला बर्फ लागत नाही, तापमान अचानक उतरलं तरी पुरतं. फ्रीजरमधून मटणाची पिशवी काढणं, सरबतात बर्फ टाकणं, घामाघूम होऊन एसी लोकलमध्ये चढणं, पहाटेचा नळ. परीक्षेच्या किंवा भांडणाच्या ताणानेही ते होतं.

दुसरं कारण रंग. पुस्तकांतले फोटो गोऱ्या हातांचे असतात. त्यावर पांढरा-निळा-लाल असा झेंडा लगेच उठून दिसतो. आपल्या सावळ्या, गव्हाळ त्वचेवर निळा टप्पा नुसता काळपट वाटतो, लाल टप्पा तर कळतही नाही. म्हणून बोटांच्या पाठी पाहू नका. तळव्याची बाजू आणि नखांखालचा भाग पाहा, आणि पांढरं बोट व नेहमीचं बोट यांच्यामध्ये रेघ आखल्यासारखी हद्द दिसते का, ते बघा.

तिसरं कारण मला मैत्रिणीच्या घरी बसल्यावर सुचलं. मेंदी. ईद झाली, लग्न झालं, की बोटांची टोकं आणि नखं गडद रंगलेली. नेलपॉलिशचंही तेच. ज्या जागी हा आजार सगळ्यात आधी खूण करतो, तीच जागा आपण झाकून टाकतो. अम्मीच्या तपासणीच्या वेळी नखांवरचा रंग उतरायची वाट पाहावी लागली होती.

चौथं कारण जरा दुखरं आहे. काही रुग्णांच्या त्वचेवर काळसर भागात पांढरे बारीक ठिपके येतात, मीठ-मिरी भुरभुरल्यासारखे. आपल्याकडे पांढरा ठिपका दिसला की लोकांना एकच शब्द सुचतो, कोड. मग घरात लग्नाची मुलगी असेल, तर ठिपके लपवले जातात. डॉक्टरपासूनसुद्धा.

निदान होतं कसं?

मला वाटलं होतं, एखादी रक्ततपासणी असेल, पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, विषय संपला. तसं नाही. स्क्लेरोडर्माचं निदान म्हणजे बेरीज आहे, आणि ती अशी टप्प्याटप्प्याने होते.

पहिला टप्पा गप्पांचा. बोटांचा रंग कधीपासून बदलतो? एका हाताचा की दोन्ही? जळजळ? घास अडकतो? जिना चढताना धाप लागते? कोरडा खोकला? कुठली औषधं चालू आहेत? इथे पेशंट जेवढं आठवून सांगेल, तेवढं पुढचं काम सोपं.

दुसरा टप्पा बोटांचा, पण डॉक्टरच्या. शरीरावरच्या १७ ठरावीक जागांची त्वचा चिमटीत धरून पाहतात आणि प्रत्येक जागेला ० ते ३ गुण देतात. याला कुठलंही मशीन लागत नाही. त्वचेचा तुकडा काढायची, म्हणजे बायोप्सीची गरज बहुतेक वेळा पडत नाही.

तिसरा टप्पा मला सगळ्यात भारी वाटला. नखाच्या मुळाशी, जिथे त्वचा नखाला भिडते, तिथल्या केशवाहिन्या त्वचेला समांतर आडव्या असतात. म्हणून न कापता, न टोचता त्या भिंगाखाली दिसतात. तेलाचा किंवा जेलचा एक थेंब टाकायचा आणि वरून पाहायचं. याला नेलफोल्ड कॅपिलरोस्कोपी म्हणतात. खास मशीन नसेल, तर त्वचेच्या डॉक्टरकडचं डर्मोस्कोप हे छोटं भिंगही बरंच काही दाखवतं. निरोगी माणसात या वाहिन्या केसांच्या पिनांसारख्या एका ओळीत उभ्या असतात, एका मिलिमीटरला साधारण सात किंवा जास्त. स्क्लेरोडर्मात काही पिना फुगून मोठ्या झालेल्या, काही ठिकाणी रक्ताचे बारीक डाग, आणि मध्ये मध्ये नुसत्या मोकळ्या जागा.

चौथा टप्पा रक्ताचा. एएनए ही पहिली तपासणी. इथे सावध राहा, कारण व्हॉट्सॲपवर रिपोर्ट फिरवून घाबरणारे लोक याच तपासणीने घाबरतात. एएनए १:१६० या पातळीला सुमारे ५ टक्के निरोगी लोकांतही पॉझिटिव्ह येते. त्यामुळे नुसत्या ‘पॉझिटिव्ह’ला एकट्याने फारसा अर्थ नाही. रिपोर्टवर ‘पॅटर्न’ काय लिहिलाय, ते महत्त्वाचं. बारावीच्या बायोलॉजीत गुणसूत्राच्या दोन भुजा जिथे जुळतात तो सेंट्रोमिअर शिकलो होतो, आठवतंय? लिमिटेड प्रकारात शरीर अनेकदा नेमकं त्या जागेच्या प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. मायक्रोस्कोपखाली पेशीच्या केंद्रकात वेगवेगळे सुटे ठिपके चमकतात. ही अँटिबॉडी १९८० मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवली. डिफ्यूज प्रकारात बहुधा दुसऱ्या अँटिबॉडी सापडतात, त्यांतली जास्त ओळखीची एससीएल-७०. पण हे गणित पक्कं नसतं. भारतीय रुग्णांत सेंट्रोमिअर अँटिबॉडी युरोप-अमेरिकेपेक्षा कमी जणांत सापडते. म्हणून ती निगेटिव्ह आली, तरी बाकीची चिन्हं असतील तर डॉक्टर शोध थांबवत नाहीत.

आता बेरीज. २०१३ मध्ये अमेरिका आणि युरोपच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून गुणांची पद्धत ठरवली. दोन्ही हातांच्या बोटांची त्वचा कडक होऊन तो कडकपणा बोटांच्या मुळाशी असलेल्या सांध्यांच्याही मागे गेला असेल, तर त्या एकाच गोष्टीला ९ गुण. नसेल तर असे गुण मोजायचे :

- बोटं फुगलेली : २, किंवा त्वचा कडक झालेली : ४ (दोन्ही असतील तर मोठा आकडा)
- बोटांच्या टोकांना जखमा : २, किंवा खड्ड्यांसारखे व्रण : ३ (इथेही मोठा आकडा)
- लाल ठिपके : २
- नखांजवळच्या केशवाहिन्या बिघडलेल्या : २
- फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढलेला किंवा फुप्फुसाला व्रण : २
- रेनॉड : ३
- स्क्लेरोडर्माशी जोडलेल्या अँटिबॉडींपैकी एखादी : ३

बेरीज ९ किंवा जास्त झाली, की तो स्क्लेरोडर्मा धरतात. ही पद्धत मुळात संशोधनासाठी रुग्णांचा गट ठरवायला केलेली. घरी बसून स्वतःला गुण द्यायला नाही, हे आधीच सांगते.

तरीही मी आणि मैत्रिणीने अम्मीची फाइल समोर घेऊन बेरीज केली. कडक बोटं ४, खड्डे ३, ठिपके २, केशवाहिन्या २, रेनॉड ३, अँटिबॉडी ३. एकूण १७. मग मैत्रीण म्हणाली, अंगठी कापली त्या वर्षीची बेरीज करू या. तेव्हा रेनॉड होतं, ३. बोटं फुगलेली होती, २. बाकी काही नव्हतं. म्हणजे ५. पण त्या वर्षी कुणी भिंगाखाली नखं पाहिली असती, अँटिबॉडी तपासली असती आणि दोन्हींत दोष निघाला असता, तर आणखी ५. बेरीज १०.

मैत्रीण बराच वेळ त्या कागदाकडे बघत होती. सोनाराच्या दुकानात अम्मीसोबत तीच गेली होती.

तज्ज्ञ आता याच टप्प्यावर आजार पकडायचा प्रयत्न करतात. रेनॉड, फुगलेली बोटं आणि पॉझिटिव्ह एएनए, ही तीन चिन्हं एकत्र दिसली, तर पुढच्या तपासण्या लगेच करा, असं ते सांगतात. कडकपणा यायची वाट पाहायची नाही.

‘लिमिटेड’ म्हणजे किरकोळ नव्हे

या नावाने अम्मीच्या घरातले सगळे आधी निर्धास्त झाले. लिमिटेड आहे ना, मग ठीक. पण मर्यादा त्वचेची आहे, आजाराची नाही. या प्रकारात बरीच वर्षं शांततेत गेल्यावर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढू शकतो. स्क्लेरोडर्माच्या रुग्णांत साधारण दहातल्या एकाला हे होतं. सुरुवातीला फक्त जिना चढताना जास्त धाप लागते, आणि ‘वय झालं’ म्हणून ती सोडून दिली जाते. त्यामुळे निदान झाल्यावर टू-डी इको आणि फुप्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी करतात, आणि त्या ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा करतात. गरज वाटली तर छातीचा सीटी स्कॅनही. रक्तदाब आणि किडनीवर लक्ष ठेवतात.

आजार मुळापासून घालवणारं औषध अजून नाही. पण ज्या अवयवाला त्रास, त्यासाठी उपाय आहेत. बोटांचं रक्त खेळतं ठेवणाऱ्या गोळ्या, जळजळीवरच्या गोळ्या, फुप्फुसांच्या दाबावरची औषधं, बोटांचे व्यायाम. सिगारेट-तंबाखू बंद, कारण निकोटिन आखडलेल्या वाहिन्या आणखी आखडतं. सर्दीवरच्या काही गोळ्यांनीही रेनॉड वाढतं. आणि दुकानातून स्वतःहून स्टेरॉइड घेणं तर अजिबात नाही. स्क्लेरोडर्मात जास्त डोसच्या स्टेरॉइडमुळे किडनीवर अचानक संकट येऊ शकतं. ‘अंगदुखीवर एकदम रामबाण’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत काय असतं, ते आपल्याला माहीत नसतं.

अम्मी आता पहाटे वजूसाठी कोमट पाणी घेते. रात्री लवकर जेवते, पलंगाची डोक्याकडची बाजू विटा ठेवून उंच केली आहे. फ्रीजरमधलं काही काढायचं असेल तर मुलांना हाक मारते. शिलाई चालू आहे, थोडी कमी. एका बोटाचं टोक मात्र जखम महिनोन्महिने न भरल्याने झिजून गेलं, ते परत येणार नाही.

तुमची बोटं पांढरी पडतात?

इथपर्यंत वाचून तुमच्यापैकी काहींनी आपली बोटं उलटीपालटी करून पाहिली असतील. घाबरू नका. नुसतं रेनॉड खूप जणांना असतं, शंभरात तीन ते पाच लोकांना. ते कॉलेजच्या वयात सुरू झालं असेल, दोन्ही हातांना सारखं होत असेल, बोटांना जखमा नसतील, तर बहुतेक वेळा ते एकटंच असतं आणि एकटंच राहतं. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये रेनॉड असलेल्या ५८६ रुग्णांवर २० वर्षं लक्ष ठेवलं गेलं. ज्यांच्या नखांजवळच्या केशवाहिन्या नीट होत्या आणि अँटिबॉडी नव्हत्या, त्यांच्यात पुढे स्क्लेरोडर्मा झाला तो फक्त १.८ टक्के लोकांना. दोन्ही गोष्टी बिघडलेल्या असतील तर मात्र जवळपास ८० टक्के. म्हणजे एक भिंग आणि एक रक्ततपासणी एवढ्यावर बहुतेकांची काळजी मिटते, आणि ज्यांची मिटत नाही, त्यांना वेळ मिळतो.

काय करायचं?

पहिलं, फोटो. बोटं पांढरी पडलेली असतानाच मोबाइलने काढा, तळव्याच्या बाजूने, उजेडात. ओपीडीत नंबर लागेपर्यंत बोटं पुन्हा नेहमीसारखी झालेली असतात. दुसरं, एक कागद. कुठला त्रास कोणत्या वर्षी सुरू झाला, एवढंच क्रमाने लिहा. पोटाचं, त्वचेचं, बोटांचं, दातांचं सगळं एकाच कागदावर, कारण ते वेगवेगळ्या फायलींत असल्यामुळेच आपण फसतो. तिसरं, जायच्या आधी नखांवरची मेंदी-नेलपॉलिश उतरू द्या. चौथं, फॅमिली डॉक्टरला थेट विचारा, ‘रुमॅटॉलॉजिस्टला दाखवू का?’ मोठ्या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत मेडिसिन किंवा त्वचा ओपीडीतूनही तिथवर जाता येतं. परळच्या केईएममध्ये या आजारांसाठी वेगळा विभागच आहे. मीरा रोडहून सकाळची लोकल पकडावी लागेल, तेवढी तयारी ठेवा. आणि बोटाचं टोक काळं पडू लागलं, जखम चिघळली, किंवा अचानक धाप लागून रक्तदाब चढला, तर ओपीडीच्या वाराची वाट न पाहता लगेच जायचं.

दर वर्षी २९ जूनला जागतिक स्क्लेरोडर्मा दिवस पाळतात. १९४० मध्ये याच दिवशी स्वित्झर्लंडमध्ये चित्रकार पॉल क्ली गेला. त्याला १९३५ पासून जो आजार जडला होता, तो बहुधा स्क्लेरोडर्मा, त्यातही पसरणारा प्रकार. जिवंत असताना त्याच्या आजाराला हे नाव मिळालंच नाही, ते नंतर लोकांनी नोंदींवरून जोडलं. त्याने १९३९ या एका वर्षात बाराशेहून जास्त कामं केली. आपण थक्क होतो. मला मात्र आता त्याचं नाव वाचलं की दुसरंच वाटतं. नाव कळायला इतका उशीर झालेली किती माणसं असतील, ज्यांच्या नावाने कुठलाच दिवस पाळला जात नाही.

परवा मैत्रिणीकडे गेले होते. अम्मीने खीर दिली, वाटी दोन्ही हातांत धरून, सावकाश. सोनाराकडून आणलेले अंगठीचे दोन तुकडे तिने डबीत जपून ठेवले आहेत. ‘‘जोड के दे देगा,’’ ती म्हणाली, ‘‘तेरी सहेली के टाइम काम आएगी.’’ मैत्रीण लाजली आणि उठून आत गेली.

आज घरी गेलात की पाच मिनिटं आईजवळ बसा. तिचे हात हातात घ्या. ती पैशांचं विचारेल. विचारू दे. तुम्ही फक्त एवढं विचारा, ‘गार पाण्यात बोटांचा रंग बदलतो का गं?’